जुनी आलिशान मोटार आणि तिचे दोन भाव

आपल्या व्यापारी समाजात गेल्या काही वर्षांत एक नवी हौस मूळ धरू लागली आहे. ज्या मोटारींकडे पूर्वी रस्त्याच्या कडेला उभे राहून केवळ पाहावे, त्या आता रविवार पेठेतून, धान्याच्या हातगाड्या चुकवीत, वाट काढताना दिसतात. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी ही नावे लग्नसराईच्या गप्पांत सहज येतात. मात्र या मोटारींपैकी पुष्कळशा नव्या नसतात. सहा, आठ, दहा वर्षे मुंबई, पुणे किंवा बंगळूर येथील एखाद्या श्रीमंताच्या दारी काढून मग त्या आपल्या गावी येतात. आणि एखाद्या बऱ्यापैकी नव्या मोटारीला जेवढे पैसे पडावेत तेवढ्यातच त्या मिळालेल्या असतात.

या हौसेविषयी समाजात दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, हा निव्वळ डामडौल आहे. व्यापाऱ्याची पत तिजोरीत असावी, दारात नव्हे. तरुण मंडळी म्हणतात, साठ लाखांची वस्तू पंधरा लाखांत मिळत असता ती न घेणे हाच अव्यवहार होय. आमच्या मते ही दोन्ही मते अर्धी आहेत. मोटारीला एक भाव नसतो, दोन असतात. एक घेण्याचा आणि दुसरा पोसण्याचा. पहिला भाव काळाबरोबर उतरतो. दुसरा मुळीच उतरत नाही, उलट चढतो. जुन्या आलिशान मोटारीचे सारे रहस्य, तिचे सुख आणि तिचा धोका, या एका गोष्टीत साठविलेले आहे. प्रस्तुत लेखात तिचाच हिशेब मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम ही मोटार स्वस्त का होते ते पाहू. आमच्या पिढीने निवडीला वाव नसलेला काळ पाहिला. ॲम्बॅसडर किंवा फियाट, फार तर १९८४ नंतर काँटेसा, एवढ्यावर श्रीमंती संपत असे. १९९५ साली पुण्यास टेल्कोच्या भागीदारीत मर्सिडीज-बेंझ तयार होऊ लागली. पुढे स्कोडा आणि ऑडी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जोडल्या जाऊ लागल्या आणि २००७ साली बीएमडब्ल्यूचा कारखाना चेन्नईजवळ सुरू झाला. तेव्हापासून विकलेल्या या मोटारी आज दुसऱ्या, तिसऱ्या मालकाच्या शोधात आहेत. पहिला मालक बहुधा मोठी कंपनी किंवा मोठा धनिक असतो. नवा आकार बाजारात आला की त्याला जुनी मोटार नकोशी होते. नवी घेताना भरलेला कर आणि नोंदणीचा खर्च विकताना परत मिळत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील करात फेरबदल झाला. पूर्वी मोठ्या सेडानवर २८ टक्के कर आणि त्यावर २० टक्के उपकर होता, त्याऐवजी एकूण ४० टक्के कर आला. नवी मोटार थोडी उतरली की जुनीला त्याहून उतरावे लागते, हे व्यापाऱ्यास सांगणे न लगे.

परंतु भाव उतरण्याचे मुख्य कारण याहून वेगळे आहे. बाजाराला दुसरा भाव ठाऊक असतो. वॉरंटी संपलेली ही मोटार पुढे किती मागणार, याचा अंदाज घेऊनच बाजार पहिला भाव ठरवितो. धान्याचा ढीग शेजारच्या ढिगापेक्षा क्विंटलमागे दोनशे रुपयांनी स्वस्त असेल, तर आपण आनंदाने नाचत नाही. त्यात ओल किती, कीड किती, माती किती, हे पाहतो. सरकारी खरेदीत गव्हाची ओल १२ टक्क्यांवर गेली की भाव कापतात, आणि १४ टक्क्यांवर गेली की माल परत करतात. तो कापलेला भाव म्हणजे कोणी केलेले दान नव्हे. मोटारीचेही तसेच आहे. पंधरा लाखांना मिळालेली साठ लाखांची मोटार म्हणजे पंचेचाळीस लाखांचा नफा नव्हे. ती पंधरा लाखांच्या लायकीची, परंतु साठ लाखांच्या भुकेची वस्तू होय.

ही भूक कोठून येते? सुटे भाग मूळ किमतीच्या प्रमाणात असतात, आपण दिलेल्या किमतीच्या प्रमाणात नव्हे. पुढच्या दिव्याचा संच, ब्रेकच्या तबकड्या, स्वयंचलित गिअरपेटीचे तेल आणि गाळणी, स्टिअरिंगचे सांधे, या सर्वांचा भाव नव्या मोटारीच्या मालकाला पडतो तोच आपल्याला पडतो. हवेच्या दाबावर चालणारे सस्पेंशन असेल तर एका चाकाचा खांब बदलायला लाखाच्या घरात जावे लागते. गुळगुळीत चालणाऱ्या या यंत्रांत रबराचे भाग पुष्कळ असतात, आणि रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षे मोजते. म्हणून “फारच थोडी चाललेली आहे” या वाक्याने फार हुरळून जाऊ नये.

विम्याच्या बाबतीत तर हे दोन भाव एकमेकांसमोर उभेच राहतात. साध्या विम्यात सुटे भाग बदलताना त्यांची झीज आपल्या खिशातून जाते. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के. पाच ते दहा वर्षे वयाच्या मोटारीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. दहा वर्षांपुढे ५० टक्के. काचेवर मात्र काही कापत नाहीत. नव्या मोटारीला ही कपात टाळणारे जादा संरक्षण घेता येते; मोटार जुनी झाली की ते मिळणे कठीण होत जाते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दुरुस्तीचा खर्च विम्यात नोंदविलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, म्हणजे मोटार पूर्ण गेली असे धरतात. नोंदविलेली किंमत जुनी, म्हणून लहान. दुरुस्तीचा खर्च नव्या भावाने, म्हणून मोठा. दोन एअरबॅग फुटल्या, दोन दिवे आणि बॉनेट गेले, की बारा लाखांची मोटार कागदावर भंगार ठरू शकते. लहान मोटारीचा तोच अपघात आठवड्याभराच्या दुरुस्तीचा असतो.

आता तरुण मंडळींच्या बाजूनेही हिशेब केला पाहिजे, नाहीतर आमचे लिहिणे एकांगी होईल. उदाहरणादाखल आकडे धरून चालू. प्रत्येकाने आपापले आकडे घालावेत. पंधरा लाखांची सात वर्षांची आलिशान सेडान आणि पंधरा लाखांची नवी मध्यम मोटार, दोन्ही वर्षाला ८,००० किलोमीटर चालतात. रोख दिलेल्या रकमेवरील गेलेले व्याज ८ टक्क्यांनी दोन्हींचे १,२०,००० रुपये. लिटरला १०० रुपये धरले आणि पहिली १०, दुसरी १६ किलोमीटर चालली, तर पेट्रोल अनुक्रमे ८०,००० आणि ५०,०००. विमा दोन्हींचा ४५,०००. नेहमीची देखभाल जुनीची ७५,०००, नवीची १५,०००. टायर, बॅटरी, सस्पेंशन यांसाठी वर्षाकाठी बाजूला काढावयाची रक्कम जुनीची ४०,०००, नवीची १०,०००. आणि विक्रीच्या भावातील वर्षाची घसरण जुनीची १,५०,०००, नवीची १,८०,०००. बेरीज केली असता जुनी ५,१०,००० रुपये आणि नवी ४,२०,००० रुपये. म्हणजे किलोमीटरला सुमारे ६४ आणि ५३ रुपये. फरक वर्षाला ९०,०००, महिन्याला ७,५००.

हा फरक पाहून वडीलधाऱ्यांना आश्चर्य वाटेल. जी मोटार घर बुडवील असे ते सांगत होते, ती मध्यम मोटारीपेक्षा फार महाग पडत नाही. त्या ७,५०० रुपयांत घरच्या वृद्धांना पाठीला धक्का न बसता सम्मेदशिखरजीच्या किंवा श्रवणबेळगोळच्या यात्रेस नेणारी आसने मिळतात, भक्कम लोखंड मिळते, रात्रीच्या घाटात उत्तम ब्रेक मिळतात. यात अधर्म तो कोणता?

पण हिशेबाची मेख बेरजेत नसून तारखांत आहे. नव्या मोटारीचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे भावाची घसरण; तिचे बिल कोणी पाठवीत नाही. तो तोटा मुका असतो, आणि विकण्याच्या दिवशी एकदाच बोलतो. जुनीचा तोटा बोलका असतो. तीन वर्षे काही मागत नाही आणि एका सकाळी एकदम तीन लाखांची चिठ्ठी हाती ठेवते. ज्याने दरवर्षी रक्कम बाजूला काढली त्याला ती चिठ्ठी जड जात नाही. ज्याने काढली नाही, त्याला ती पेढीच्या गल्ल्यातून भागवावी लागते; आणि येथेच मोटारीचा प्रश्न मोटारीचा राहत नाही.

आपला धंदा हंगामाचा आहे. जानेवारीत तुरीची आवक सुरू झाली, की शेतकऱ्याला पैसे चुकते करावे लागतात. पुढच्या गावच्या मालाची उधारी मात्र दोन-दोन महिन्यांनी येते. या मधल्या फटीत जे भांडवल उभे असते त्यावर पेढी चालते. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून दिवाळीला मोटार घ्यावी आणि संक्रांतीला तिची गिअरपेटी बसावी, तर त्या हंगामात तितका माल कमी भरला जातो. माल कमी, म्हणून नफा कमी; नफा कमी, म्हणून व्याज थकीत; आणि बाजारात कुजबुज सुरू होते. खेळत्या भांडवलात व्यापाऱ्याचा स्वतःचा पैसा थोडाच असतो. त्यात भावाबहिणींचा, विधवा आत्याचा, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेचाही वाटा असतो. त्या पैशावर आपली हौस फिरू नये. ज्यांनी ठेव ठेवली त्यांनी आपल्या सचोटीवर ठेवली आहे, आपल्या मोटारीवर नव्हे.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, जुनी आलिशान मोटार घ्यावी ती वाटणी झालेल्या, कर भरलेल्या, स्वतःच्या नफ्यातून. कॅश क्रेडिटमधून कदापि नाही. आणि हातात अठरा लाख असतील तर पंधरांची घ्यावी. खरेदीच्या भावाचा पाचवा हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात ठेवावा, आणि खर्च झाला की पुन्हा भरावा. ज्याला हा पाचवा हिस्सा ठेवणे शक्य नाही, त्याला ती मोटार परवडत नाही, मग विकणारा किती का भाव उतरवीना.

दुसरे सांगणे पारखीचे. पोते वरून पाहून आपण सौदा करीत नाही. परखी घालून मधल्या दाण्यांची वानगी काढतो. मोटारीची वानगी कशी काढावी? चासी क्रमांकावरून अधिकृत कार्यशाळेतील देखभालीची नोंद मागावी. खरा मालक ती देण्यास कचरत नाही. मोटार किती मालकांच्या हातून गेली, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे काय, हे नोंदणीपुस्तकावरून पाहावे; बोजा असल्यास तो उतरल्याची नोंद झाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. मोटार तीस हजार किलोमीटर चालली म्हणतात आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले दिसतात, तर विचारावे. इंजिन पूर्ण थंड असता सकाळी सुरू करून ऐकावे. संगणकाच्या यंत्राने तपासणी करवावी. आधुनिक मोटारीत चाललेले अंतर एकाहून अधिक नियंत्रकांत नोंदविलेले असते, आणि फलकावरचा आकडा बदलणाराला ते सारे बदलणे दर वेळी साधत नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या मोटारींविषयी विशेष सावध असावे. चेन्नई २०१५, केरळ २०१८, कोल्हापूर आणि सांगली २०१९ व २०२१, बंगळूर २०२२, ही सारी वर्षे लक्षात ठेवावीत. अशा वेळी विमा कंपन्यांनी ‘पूर्ण गेली’ असे ठरविलेल्या मोटारी लिलावात जातात आणि काही धुऊन-पुसून दूरच्या गावी विकल्या जातात. भिजलेले धान्य वाळवून वरून कितीही चांगले दिसले तरी हात घातला की वास सांगतो. तसे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावेत, तळाशी गाळाची रेघ दिसते. गालिचा उचलावा, आसनाखालचे बोल्ट गंजले आहेत काय ते पाहावे. या मोटारींचे पुष्कळ विद्युत नियंत्रक खाली, गालिच्याच्या बाजूला बसविलेले असतात. पाण्याने ते लगेच मरत नाहीत, वर्ष दोन वर्षे कण्हत मरतात.

इंधनाचाही विचार हवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. या नियमांच्या डिझेल मोटारीत धुरातील काजळी धरणारी गाळणी असते; ती स्वच्छ होण्यासाठी मोटार अधूनमधून लांब आणि वेगाने चालावी लागते. ज्याची मोटार घर ते मार्केट यार्ड एवढीच फिरते, त्याने डिझेल घेऊ नये, गाळणी तुंबते. पेट्रोलवाल्यांनी ई-२० विषयी विचारावे. एप्रिल २०२३ पासूनच्या मोटारींचे भाग २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील असे केलेले आहेत. त्यापूर्वीच्या मोटारीच्या नळ्या आणि रबरी सील तपासून घ्यावे, आणि कंपनीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते वाचावे. मक्याला आणि तुकडा तांदळाला इथेनॉलमुळे आलेली मागणी आपण आनंदाने पाहतो. त्याच इथेनॉलची दुसरी बाजू आपल्याच मोटारीच्या टाकीत येते.

आणखी एक साधी पण नेहमी विसरली जाणारी गोष्ट. आपल्या गावी त्या मोटारीची अधिकृत कार्यशाळा आहे काय? नसेल तर हुबळी, कोल्हापूर, पणजी यांपैकी कोठेही जायचे झाले तरी शंभर किलोमीटरच्या आगेमागे अंतर आहे. बंद पडलेली मोटार तेथवर ओढून नेता येत नाही, सपाट ट्रकवर चढवून न्यावी लागते. ज्या कंपनीचा जाणता कारागीर जवळ आहे, तीच कंपनी निवडावी. नाव थोडे लहान असले तरी चालेल. टोयोटा कॅमरी किंवा स्कोडा सुपर्ब यांसारखी मोटार पुष्कळांच्या गरजेला पुरेशी आलिशान आहे.

आता कागदपत्रांविषयी, आणि त्यांत आपल्या सीमाभागाच्या खास अडचणीविषयी. कर्नाटकात मोटारीवरचा आजीवन कर भारी, म्हणून कोल्हापूरची एमएच-०९ किंवा गोव्याची मोटार स्वस्त दिसते. परंतु एका राज्यातील मोटार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक ठेवली तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा, असा मोटार वाहन कायदाच आहे. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणि येथील कर, वयाच्या प्रमाणात, भरावा लागतो. मूळ राज्यात भरलेल्या कराचा परतावा वेगळा अर्ज करून मागावा लागतो. २०२१ साली आलेली बीएच मालिका आपल्याला उपयोगी नाही. ती सरकारी नोकर आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांच्या नोकरांसाठी आहे. तेव्हा भावाचा मेळ घालताना हा सारा खर्च प्रथमच धरावा.

दिल्लीच्या मोटारींविषयीही असेच. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवर बंदी घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली. तेव्हापासून पुष्कळ सुस्थितीतील डिझेल मोटारी दक्षिणेकडे स्वस्तात आल्या. त्यांत चांगल्याही होत्या. पण खरेदीच्या वेळी ना-हरकत पत्र हातात नसेल तर ती मोटार शोभेची वस्तू होते.

विकणाऱ्यांनाही एक इशारा. मोटार विकली, पैसे मिळाले, किल्ली दिली, म्हणजे सुटलो असे समजू नये. एकाच राज्यात विक्री झाल्यास १४ दिवसांत, परराज्यात ४५ दिवसांत, विकणाऱ्याने नोंदणी कार्यालयास कळवावयाचे आहे, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मोटार चार हातांतून पुढे गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईचा बोजा त्याच्यावर. कोऱ्या फॉर्मवर सही करून देण्याची पेठेतील रीत त्यामुळे आत्मघातकी आहे. घेणाऱ्यानेही विमा आपल्या नावावर ताबडतोब करावा. तिसऱ्या पक्षाचे संरक्षण मोटारीबरोबर येते, स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचे येत नाही. आणि दावा न केल्याची सवलत माणसाची असते, मोटारीची नव्हे. ती विकणाऱ्याकडेच राहते.

कराबाबत एक गैरसमज दूर केला पाहिजे. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेर येथे जीएसटी परिषदेने जुन्या मोटारींवर १८ टक्के कर सुचविला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो लागू झाला, तेव्हा घरची मोटार विकणाऱ्यालाही तो भरावा लागेल अशी आवई उठली. ते खरे नाही. हा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला, तोही संपूर्ण किमतीवर नव्हे तर खरेदी-विक्रीतील फरकावर आहे. पेढीने मोटारीवर घसारा घेतला असेल तर विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत यांतील फरक धरतात. फरक उणे असेल तर कर नाही. दरसाल १५ टक्के घसाऱ्याने पाच वर्षांनी पुस्तकात मूळच्या सुमारे ४४ टक्के किंमत उरते. मोटार पेढीच्या नावे घ्यावी की स्वतःच्या, हे आपल्या हिशेबतपासनिसास विचारून ठरवावे. पण साध्या मोटारीवरील जीएसटीचे जमा-क्रेडिट आपल्यासारख्यांना मिळत नाही, हे धरून चालावे.

येथवर व्यवहार झाला. आता ज्या गोष्टीसाठी हा विषय या स्मरणिकेत लिहावासा वाटला, ती सांगतो. आपल्या शास्त्रकारांनी वाहनाला परिग्रहातून सूट दिलेली नाही. दिगंबर परंपरेत बाह्य परिग्रहाचे जे दहा प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘यान’ आहे. श्वेतांबर श्रावकांच्या रोजच्या चौदा नियमांत ‘वाहन’ आहे. म्हणजे मोटार बाळगू नये असे कोणी म्हटले नाही; तिची मर्यादा आधी ठरवावी, एवढेच म्हटले आहे. परिग्रह-परिमाण म्हणजे दारिद्र्याचे व्रत नव्हे, मोजमापाचे व्रत होय. आणि मोजणे हा तर आपला धंदाच आहे. घरात किती वाहने, यासाठी कुटुंबाने आकडा ठरवावा. आलिशान मोटार घरात आली तर एक बाहेर जावी. दुसऱ्याने वापरलेली वस्तू घेण्यात कमीपणा नाही. तिच्यासाठी नवे लोखंड वितळवावे लागत नाही, ही तिची जमेची बाजूच आहे.

परंतु याहून थेट लागू पडणारी गोष्ट अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी जे पाच अतिचार सांगितले, त्यांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटी मापे. प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल. आणि विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, हे तिन्ही आहेत. मोटारीवरचा किलोमीटरचा आकडा हे एक मापच आहे; तो मागे फिरविणे आणि तागडीच्या पारड्याखाली मेण लावणे, यांत आम्हांला काही अंतर दिसत नाही. पुरात बुडालेली मोटार निष्कलंक म्हणून विकणे हा प्रतिरूपक व्यवहार होय. आणि कर चुकविण्यासाठी वर्षानुवर्षे परराज्याच्या क्रमांकावर मोटार चालविणे म्हणजे काय, हे सुज्ञांस सांगावयास नको. धान्यात माती मिसळणाऱ्याला आपण बाजारात उभे करीत नाही. मोटार विकताना तोच न्याय आपण स्वतःला लावतो काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. घेण्याचा भाव सर्वांना दिसतो. पोसण्याचा भाव फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतो. तो लपविला की समोरच्याच्या घरातील पाचवा हिस्सा पुरत नाही, आणि पुढच्या तुरीच्या हंगामात दुसऱ्याच कोणाच्या ठेवीला हात लागतो.

म्हणून आमच्या संघापुढे दोन सूचना ठेवून हा लेख पुरा करतो. सदस्याने सदस्याला मोटार विकताना एक साधा कागद लिहून द्यावा, आणि त्याचा नमुना संघाने छापून ठेवावा: खरे किलोमीटर, झालेले अपघात, घेतलेले विम्याचे दावे, पाणी लागले असल्यास ती तारीख, आणि गेल्या तीन वर्षांत दुरुस्तीस गेलेली रक्कम. या शेवटच्या आकड्यानेच दुसरा भाव कागदावर येईल. दुसरी सूचना अशी की, संघाच्या कार्यालयात मोटार तपासण्याचे एक संगणकीय यंत्र घेऊन ठेवावे आणि ते चालविण्यास एखाद्या जाणत्या कारागिराला महिन्यातून एक दिवस बोलवावे. धर्मकाटा संघाचा असतो, त्यावर कोणी संशय घेत नाही. मोटारीचाही धर्मकाटा असावा.

तरुणांना मोटारीचा आनंद घेऊ द्यावा. वडीलधाऱ्यांनी नाक मुरडू नये. तरुणांनीही सौदा ठरविण्याआधी दोन्ही भाव एकाच पानावर, एकाखाली एक, लिहून पाहावेत. बेरीज आवाक्यात आली तर खुशाल घ्यावी. न आली तर आपली साधी मोटार बरी. तिच्या मालकाला रात्री झोप लागते. इत्यलम्. जय जिनेंद्र.